बसायची जागा

"नक्की कुठे दुखतंय गं?" आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बसायच्या जागी." ती "बरं" म्हणाली आणि विषय तिथेच संपला. मराठीत या जागेला शब्दच नाहीये हो. म्हणजे आहे, पण एक शिवीत जातो आणि दुसरा थेट मेडिकल रिपोर्टमध्ये, मधलं काहीच नाही. मग आपण 'खाली', 'संडासची जागा', 'बसायची जागा' असं काहीतरी करत राहतो. गुदद्वार हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो एमआरआयच्या काउंटरवर, कारण तिथल्या माणसाने "कुठला एमआरआय?" असं तीनदा विचारलं आणि मागे पाच जण उभे होते.

सुरुवात एका गाठीने झाली. वाटाण्याएवढी, दुखरी, बसलं की जाणवायची. चार दिवसांत लिंबाएवढी झाली, ताप भरला, आणि रात्री ॲडमिट. गळू आहे, फोडून पू काढलाय, आता आठ दिवस ड्रेसिंग करा, झालं. मला डिस्चार्ज मिळाला आणि माझा डिस्चार्ज मात्र सुरूच राहिला (हा जोक मी तेव्हापासून किती वेळा मारलाय त्याला गणती नाही, हसतं कोणीच नाही). जखम भरली असं वाटायचं, मग परत ओलं. मध्ये मूळव्याधीचं मलम झालं, फिशरचं, म्हणजे तिथल्या चिरेचं, झालं. सात महिन्यांनी त्याच जागी दुसरं गळू, दुसऱ्यांदा चिरा. दोन्ही वेळेला कोणी मला पोटाबद्दल एक अक्षर विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही, कारण पोटाचा आणि याचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. तेव्हा वर्षभर माझं पोट उजवीकडे खाली मुरडत होतं, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागत होतं, आणि आठ किलो वजन उतरलं होतं. त्या वजनाबद्दल लोक कौतुक करत होते आणि मी ते घेत होते.

तिसऱ्या वेळी ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी आधी नुसतं बघितलं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे, ही पोझिशन आता मला झोपेतही जमते. त्या भिंतीवर पंख्याच्या बटणाखाली एक ओरखडा होता, तो मी डोळे मिटूनही काढून दाखवेन. बाईंनी बघितलं, हात न लावता विचारलं, "तोंड येतं का वारंवार? रात्री झोपेतून पोटासाठी उठावं लागतं का? वजन?" मी भिंतीलाच उत्तरं दिली. नंतर त्यांनी समजावलं की साधं फिशर सहसा मधोमध असतं, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, आणि फार दुखतं. माझं बाजूला होतं, खोल होतं, आणि दिसत होतं तेवढं दुखत नव्हतं. शिवाय कडेला सुजलेले मऊ कातडीचे लोंबते कोंब होते, ज्यांना मी इतके दिवस मूळव्याध समजत होते. "हे कापू नका कोणाकडून," त्या म्हणाल्या, "आतड्याला जर तो आजार असेल तर इथली जखम लवकर भरत नाही."

तो आजार म्हणजे क्रोन्स, आतड्याला सूज आणि अल्सर आणणारा जुनाट आजार. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अल्सर दिसले, बायोप्सी झाली, आधी टीबी तर नाही ना याची शहानिशा झाली कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे जुळ्या भावांसारखे दिसतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर वाट लागते. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी मिळून या आजाराचं वर्णन छापलं, नाव मात्र पहिल्याच्याच वाट्याला आलं. १९३८ साली पेनर आणि याच क्रोन यांनी लिहिलं की या पेशंटना संडासच्या जागेजवळ भगंदर होतो. म्हणजे संबंध तेव्हापासून माहीत आहे, फक्त माझ्या दोन गळवांच्या वेळी तो कोणाला आठवला नाही.

होतं काय की अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा क्रोन्सचा एक भाऊबंद आहे, त्यात आतड्याचं फक्त आतलं अस्तर सुजतं, म्हणून हे खालचं लचांड तिथे क्वचित. क्रोन्समध्ये सूज भिंतीच्या आरपार जाते, अल्सर खोल जातो, पोखरत जातो, आणि आतून बाहेर कातडीपर्यंत एक बोगदाच तयार होतो. तोच फिस्टुला, तोच भगंदर. क्रोन्स झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला ते चौघातल्या एकाला वीसेक वर्षांच्या काळात हे कधीतरी होतं, आणि काहींना तर पोटाच्या तक्रारीच्या आधीच खालचं सुरू होतं. म्हणजे पोटाचं नावही निघालेलं नसतं आणि माणूस मूळव्याधीच्या मलमाच्या ट्यूबा संपवत बसतो.

मला वाटलं बोगदा आहे ना, मग कापून उघडा करा आणि संपवा. साध्या भगंदरात, तो वरवरचा असेल तर, खरंच तेच करतात. पण तिथे दोन गोल स्नायू असतात, एक आतला एक बाहेरचा, आणि त्यांच्यामुळेच आपण चारचौघांत बसू शकतो एवढं म्हटलं तरी कळेल. पार्क्स नावाच्या सर्जननी १९७६ मध्ये ४०० भगंदर तपासून त्यांचे या स्नायूंच्या हिशोबाने प्रकार पाडले, दोन स्नायूंच्या मधून जाणारा, दोन्ही भेदून जाणारा, वरून वळसा घालणारा, पार बाहेरून जाणारा. माझा दोन्ही भेदून जाणारा, वर त्याला एक छोटी फांदी. तो कापला तर स्नायू कापला जाणार, आणि ज्या माणसाला आधीच जुलाब होतात त्याचा तो स्नायू जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. म्हणून तिथे मिलिमीटरचा हिशोब.

मग काय करतात? तर त्या बोगद्यातून एक दोरा ओवतात. बाहेरच्या भोकातून आत, आतल्या भोकातून संडासच्या वाटेने बाहेर, आणि दोन्ही टोकांची सैल गाठ. याला सेटन म्हणतात. काम एकच, भोक उघडं ठेवायचं, म्हणजे पू साठणार नाही, गळू होणार नाही. किती जुनी आयडिया आहे ही! हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात घोड्याचा केस धाग्याबरोबर ओवायला सांगितलंय (तो दोरा मात्र हळूहळू कापत जाणारा, घट्ट, क्रोन्समध्ये तसला टाळतात). सुश्रुताने भगंदर आठ महागदांत, म्हणजे बरे व्हायला अवघड अशा आठ मोठ्या रोगांत धरलाय, आणि त्याचा एक प्रकार सांगितलाय शतपोनक, चाळणीसारखी भोकंच भोकं. हे वाचलं तेव्हा मला का कोण जाणे फार बरं वाटलं. कोणीतरी इतक्या आधी नीट वाकून बघितलं होतं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचंही भगंदराचं ऑपरेशन झालं होतं, १६८६ च्या नोव्हेंबरात, आणि त्याच्या सर्जनने आधी इतर पेशंटवर हात साफ करून घेतला. त्या इतरांचं पुढे काय झालं याचाच विचार मी जास्त करते.

माझा दोरा सिलिकॉनचा आहे, पातळ रबरबँडसारखा. भूल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार लावून, खाली आरसा ठेवून, उकिडवं बसून मी पहिल्यांदा बघितला. कल्पनेत काहीतरी भयंकर होतं, प्रत्यक्षात एक छोटीशी कडी, कानातल्या बाळीसारखी, आणि गाठीला दोन आखूड शेपट्या. हसूच आलं. नंतर कळलं त्रास त्या शेपट्यांचाच. चालताना गाठ कुठल्या बाजूला वळलीये त्यावर दिवस कसा जाणार ते ठरतं. मी आता बोटाने हलकेच फिरवून ती पुढे आणते, कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसले की सहज फिरते. पाण्यात काही घालायचं नाही, नुसतं पाणी, आणि नंतर चोळायचं नाही, टिपायचं. गॉझ चौकोनी घडी करून लावायचे, पण सगळ्यात सोयीचं काय निघालं माहितेय, पाळीचे पॅड. आधी वर्षानुवर्षं वैतागून वापरलेली वस्तू आता रोज वापरते. पुरुष पेशंट हे कुठून आणि कसे घेत असतील असा विचार मनात येतो.

दोरा म्हणजे निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी औषधाची, आणि क्रम महत्त्वाचा, आधी पू काढून वाट मोकळी, मगच प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, नाहीतर आत साठलेलं इन्फेक्शन अंगात पसरायचं. म्हणून आधी एमआरआय, मग भूल देऊन नीट तपासणी, मग सेटन, मधल्या काळात मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स (मेट्रोनिडाझोलने तोंडात सतत नाणं चोखल्याची चव असते, पाण्यालासुद्धा), मग लपलेल्या टीबीची आणि हिपॅटायटिस बीची टेस्ट, आणि हे सगळं पार पडलं की इन्फ्लिक्सिमॅबची, म्हणजे त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, सलाईन. पहिली, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, आणि मग दर आठ आठवड्यांनी.

सलाईन चालू असताना दोन-तीन तास दुसरं काही नसतं म्हणून मी वाचायला लागले. १९९९ साली ९४ पेशंटवर जी ट्रायल झाली त्यात नेहमीच्या डोसने ५५ टक्के लोकांचे सगळे फिस्टुला बंद झाले, नुसत्या खोट्या सलाईनने १३ टक्के लोकांचे. मी खूश! निम्म्याहून जास्त. मग २००४ ची मोठी ट्रायल वाचली, त्यात औषध लागू पडलेल्या लोकांनाच घेऊन वर्षभर बघितलं तर ५४ आठवड्यांनंतर औषध चालू असलेल्यांपैकी ३६ टक्के कोरडे आणि औषध न मिळालेल्यांपैकी १९. जरा थंड झाले. पण खरी गंमत पुढे, की 'बंद' म्हणजे काय? तर बोटाने हलकं दाबल्यावर काही बाहेर न येणं. बास. बाहेरून दाबून बघायचं. आत बोगदा बुजलाय का नाही हे त्या बोटाला कसं कळणार?

हे मला वाचून नाही, भोगून कळलं. सहा महिन्यांत स्त्राव थांबला. मी वहीत गॉझ मोजायचे, सहा, चार, तीन, दोन, मग एक आठवडाभर शून्य शून्य शून्य. नवऱ्याला वही दाखवली. दोरा काढायचं ठरलं, एका मिनिटाचं काम, कात्रीने कट आणि ओढला. दोन आठवड्यांत भोक मिटलं, आरशात नुसता एक गुलाबी ठिपका. मी खुर्चीतली उशी कपाटात टाकली आणि कुठे कुठे जायचं त्याची यादी केली. नवव्या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी बसताना एक ओळखीचा ठणका आला. मी स्वतःला म्हटलं गाडीत फार वेळ बसलो म्हणून असेल. रात्री थंडी वाजून ताप. एमआरआयमध्ये ती छोटी फांदी, जिला सगळे विसरलो होतो, मागून वळून घोड्याच्या नालेसारखी पसरलेली आणि पूने भरलेली. वरून दार बंद, आत घर पेटलेलं. बाहेरची कातडी भरून येते, आतला मार्ग भरायला पुढे कित्येक महिने लागतात आणि कधी कधी तो भरतच नाही, हे मला आधी कोणी ठणकावून सांगितलं असतं तर ती उशी मी कपाटात टाकली नसती. आता भोकातून थोडं ओलं आलं की मी निश्चिंत असते, आणि दोन दिवस कोरडं गेलं की घाबरते. हे कोणाला समजावणार?

परत भूल, परत दोरे, यावेळी दोन. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं तर पुरेसं नव्हतं, पोटाला पुरत होतं पण खालच्या जागेला जास्त लागतं म्हणे, म्हणून सलाईनचं अंतर आठावरून सहा आठवड्यांवर आणलं.

या सगळ्यात मला आजारापेक्षा जास्त कशाने दमवलं असेल तर दोन डॉक्टरांच्या मधल्या जागेने. पोटाचे डॉक्टर म्हणायचे दोरा कधी काढायचा ते सर्जनना विचारा. सर्जन म्हणायचे औषध किती काम करतंय ते त्यांना विचारा, मग ठरवू. मी फाइल काखेत घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर, निरोप्यासारखी. पहिल्यांदा दोरा काढला तेव्हा काढण्याआधी परत एमआरआय करावा का हे दोघांपैकी कोणी ठरवायचं तेच ठरलं नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितला असेल. दोघंही चांगली माणसं, दोघंही आपापल्या कामात पक्के, पण फांदी राहिली ती तिथेच, त्या दोघांच्या मध्ये. दुसऱ्या वेळी मी हट्टच धरला की दोघं एकाच वेळी एका खोलीत, समोर एमआरआय लावून, आणि मी पण तिथे. वीस मिनिटं लागली. तीन वर्षांत झालं नव्हतं ते वीस मिनिटांत झालं, आणि ते जमवायला मात्र दीड महिना.

त्याच मीटिंगमध्ये एक फॉर्म भरला. स्त्राव किती, दुखणं किती, सूज किती कडक, आजार कुठल्या प्रकारचा, आणि लैंगिक संबंधांवर किती मर्यादा, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. पाचही प्रश्न अगदी शेजारी शेजारी, जणू सगळे सारखेच. चार उत्तरं मी फटाफट दिली. पाचव्याला पेन थांबलं. नवरा बाहेर बसला होता. आमच्यात या विषयावर दोन वर्षांत एकही वाक्य झालं नव्हतं, तो मला दुखेल म्हणून लांब आणि मी त्याला किळस येईल म्हणून लांब, आणि दोघंही समजूतदारपणा दाखवतोय अशा समजुतीत. मी तीन लिहिलं, खोडलं, चार लिहिलं. घरी जाताना गाडीत त्याला सांगितलं की एका प्रश्नाला मी पैकीच्या पैकी मार्क घेतले. तो आधी "अरे वा" म्हणाला.

मग सर्जननी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" हल्ली, म्हणजे २०२२ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणापासून, पेशंटला काय साधायचंय हेसुद्धा धरून गट पाडतात. भोक कायमचं बंद व्हावं असं वाटतं, त्यासाठी आतलं तोंड झाकायचं ऑपरेशन करून बघायची तयारी आहे का? की दोरा ठेवून, औषध चालू ठेवून, बिनगळवाचं आयुष्य चालेल? की त्रास इतका आहे की पोटावर स्टोमाची पिशवी, म्हणजे आतडं पोटातून बाहेर काढून संडास पिशवीत, परवडली? (ती 'तात्पुरती' म्हणून केली तरी बऱ्याच जणांचं आतडं परत जोडलं जात नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.) ताई मला भगंदरात स्टेम सेल टोचायच्या उपचाराच्या बातम्या पाठवायची, तर त्याचंही विचारलं. २०१६ मध्ये २१२ पेशंटवरच्या ट्रायलने आशा लावली होती, युरोपात २०१८ साली परवानगीही मिळाली, आणि मग २०२३ मध्ये दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये ते टिकलं नाही आणि पुढच्या वर्षी बाजारातून परत घेतलं. ताईला हे सांगताना मलाच वाईट वाटलं.

तर तुम्हाला काय हवंय? इतकी वर्षं मी 'बरं व्हायचंय' एवढंच म्हणत होते आणि त्या खोलीत त्याचा अर्थ सांगता येईना. शेवटी म्हटलं, मला ताप नकोय, मध्यरात्री ॲडमिट व्हायला नकोय, आणि दोन तास सलग बसता आलं पाहिजे. दोरा असला तर असू दे. सर्जननी लिहून घेतलं. सध्या ते चाललंय. दोनाचा एक दोरा झालाय, गाठ मध्ये एकदा बदलून घेतली, एमआरआयमध्ये नाल जवळजवळ गेलीये. पुढचं पुढे.

ऑफिसात अजूनही सगळ्यांना वाटतं मला स्लिप डिस्क आहे. ती मधे भोक असलेली उशी बघून कोणीतरी पहिल्याच आठवड्यात "पाठ का?" विचारलं आणि मी "हो" म्हटलं, मग काय, तीन वर्षं पाठीचे व्यायाम, पाठीचे पट्टे, पाठीचे डॉक्टर, सगळे सल्ले मी मान हलवत ऐकलेत. दोन व्यायाम तर करते पण, चांगले आहेत.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या ओळखीतल्या मुलीचा फोन आला. "ताई, तुमचा नंबर दिलाय त्यांनी, म्हणजे मला जरा... खाली... गळू दोनदा फोडलंय..." आणि गप्प. मागे टीव्ही चालू होता, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी विचारलं, "संडासच्या जागी ना? अगदी कडेला का थोडं लांब? ओलं राहतं का अजून? आणि पोटाचं काय, वजन उतरलंय का?" बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "एक मिनिट थांबाल का, मी दार लावून घेते."